चौथ्या वळणावरचा पत्रा

अंबरनाथ पूर्व
२१ जुलै २०२४

चि. भूपेश यास जनूमामाचे आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून लेकीच्या, उन्नतीच्या वहीचं पान फाडलं. पायात रॉड घातलाय, बाकी जेवतोय. धुक्यात घाट उतरताना मी नेहमी रेलिंगच्या कडेकडेने टेम्पो घेतो. चौथ्या वळणावर रेलिंगच संपलं नि टेम्पो खाली. जांभळीच्या झाडाने अडवला. केबिनला तू वेल्ड केलेला पाइप वाकला नाही, म्हणून छाती वाचली. येईल त्याला सांगतो, भाच्याचा हात आहे.

रेलिंगचे बोल्ट पाना लावून काढलेत म्हणे. कोण भंगारचोर असेल तो असेल. तू डोकं गरम करून कुणाच्या अंगावर जाऊ नकोस. कॉलेज सोडलंस तो राग मी केव्हाच गिळला. येऊन जा. लोभ आहेच.

तुझा मामा


खरवई
२४ जुलै

ती. जनूमामांस भूपेशचा सा. न.

तो भंगारचोर मीच. म्हणूनच फोन उचलला नाही.

मे महिन्यात गावातल्या जिज्ञासाच्या बहिणीची हळद होती. चुलीवरच्या सळ्या वाकून मटणाचे टोप कलंडत होते. कुणाकडे धड लोखंड नाही का, असं ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. एवढंच. मी मित्राचा, जयदेवचा छोटा हत्ती टेम्पो घेऊन घाटात गेलो. संध्याकाळी रेलिंगचा पत्रा चुलीवर. टोप जागचे हलले नाहीत. तिने नळी माझ्या ताटात घातली. मामा, मी महिनाभर त्या नळीवर जगलो.

परत लावतो म्हटलं, राहून गेलं. तुम्ही पडलात तेव्हा हॉस्पिटलात रस्त्याच्या ठेकेदाराला सगळ्यांत मोठ्याने शिव्या देणारा पण मीच.

काल तिला सांगितलं. ती म्हणाली, "मी लोखंड म्हणाले होते, घाटातलं नाही." बरोबरच आहे. काळा पडलेला पत्रा तिच्या परसातून आणलाय, रविवारी बसवतो. तुमच्या समोर यायला पाय उचलत नाही. शिव्या द्या, पण लोभ तोडू नका.

तुमचा भूपेश


अंबरनाथ पूर्व
२६ जुलै

भूपेश,

उन्नतीच्या हाती पाठवतोय, रविवारच्या आधी मिळावं म्हणून. चुलीत तापलेला पत्रा नरम पडतो, हे वेल्डिंगवाल्याला मी सांगायचं? तो लावू नकोस. रस्त्याच्या ऑफिसात जा, स्वतःचं नाव सांग, नवा लावायला सांग. पुढे होईल ते होईल.

तोवर चौथ्या वळणावर लाल फडकं घेऊन उभा राहा. रेलिंगच्या भरवशावर उतरणारे माझ्यासारखे बरेच आहेत.

पाइपाचं आता कुणाला सांगत नाही.

वर आशीर्वाद लिहिलेले नाहीत. नवा पत्रा लागला की येऊन घेऊन जा.

जनू