सव्वा तासाची वाट

कुरखेडा,
१२ जानेवारी १९८६

प्रिय देवराव,

पाच महिने झाले, आपल्यात एक ओळ नाही. रागावला असशील तर रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

धान मळून घरात आलं. शाळेत यंदा मला चौथीचा वर्ग दिलाय. काल नकाशावर मुंबईहून नागपूरला बोट फिरवलं आणि तुझा पहिला विमानप्रवास आठवला. 'सव्वा तासात नागपूर' असं तू कळवलंस आणि मायने ते गावभर केलं. आपल्याकडे पायवाट मैलाने मोजतो कोण? शेजारच्या बिरजूभाऊने नेहमीसारखा बिड्यांत हिशेब केला. जंगलातून चालताना त्याला जितक्या वेळाने बिडी लागे, त्या मापाने तू पाच बिड्यांवर निघालास! "तुया पोरगा त वडश्याच्या टेसनाहून जवळ आहे ना बाई," म्हणाला. माय दिवसभर मिरवत होती.

तिने ते खरंच धरलं रे. विमान आठला सुटणार म्हणून नऊला भात टाकला. तू आलास दिवेलागणीला, भुवयांवर एस.टी.ची लाल धूळ घेऊन. भाताचा पार गोळा झाला होता. "माय, विमान नागपूरलेच थांबते," तू म्हणालास. तर ती म्हणे, "मंग समोर काऊन नाई आणत ते?" आपण पोट धरधरून हसलो. विमानात मिळालेली गोळी तू तिला दिलीस, ती तिने मुंग्या लागेपर्यंत डब्यात जपली. ती संध्याकाळ मला अजून हवीशी वाटते.

मी मास्तरीण ना, तिला भोळी म्हणायचे. आता सांगायचं ते सांगते. मागच्या ऑगस्टात मायचा ताप सोमवारीच चढला होता. ती तुझं नाव घेत होती. मी पोस्टात गेले, तारेचा फॉर्म भरला, आणि हातात घेऊन तशीच परत आले. मनात म्हटलं, सव्वा तासाचं तर अंतर, उगाच कशाला घाबरवायचं, सलाईन लावून पाहू. नागपूरपासून पुढची वाट, नदी, नाले सगळं ठाऊक असून डोक्यात तेवढा सव्वा तासच राहिला. तार केली ती गुरुवारी. वैनगंगेला पूर आला बुधवारी. तू तार मिळताच निघालास, नदीपल्याड ब्रह्मपुरीला अडकलास, रविवारी पोचलास. माय शनिवारी गेली होती.

आणि मायच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सगळ्या नातेवाइकांसमोर, मीच तुला म्हणाले, "सव्वा तासाच्या वाटेले तीन दिवस लावले तू." तू मान खाली घातलीस. तरी सोमवारच्या फॉर्मचं मी सांगितलं नाही. माझ्याइतकी भित्री बाई दुसरी नसेल.

परवा तुझ्या बायकोचं पत्र आलं. तू ताटावरून उठून जातोस, मायला आपण भेटलो नाही म्हणून स्वतःला दोष देतोस, असं तिने लिहिलंय. म्हणून हे लिहिते. उशीर तू केला नाहीस, देवराव. मी केला. सोमवारी तार गेली असती तर मंगळवारी रात्री तू मायच्या उशाशी असतास, आणि तिने तुला ओळखलं असतं. तेव्हा ती शुद्धीत होती. हे पत्र बायकोला दाखव, नातेवाइकांना मी स्वतः सांगेन. माफी मागायला तोंड नाही. पण तू जेव, पोटभर जेव. दोष माझा आहे, तो माझ्याजवळ राहू दे.

तुझीच बहीण,
सत्यशीलाबाई