टाळकऱ्यांत एक आवाज जास्त

सोमवार, मार्गशीर्ष शु. ५
माणिक, पोरा, लिहायला लई उशीर झाला, रागावू नको. कार्ड टाकलं तर तुझ्या पलटणीला पोचेल का, या काळजीत टाकलंच नाही. वहीतच बोलतो. लढाई पेटल्यापासून तुझी खबर नाही. गावानं सीमेवरच्या पोरांसाठी सप्ताह धरला. देवळाचा आड आटला, म्हणून सोसायटीच्या गोदामात. टँकर तिथंच येतो. यंदा आत एक पोतं नाही, नुसतं घुमतं.

मंगळवार, शु. ६
वीणेचा दुपारचा पहारा माझा. टेकवायची नाही, थांबायचं नाही. दुसऱ्याच्या गळ्यात घातली की सुटका. आज धृपद म्हणून सगळे थांबले. मागून एक आवाज जरा उशिरा थांबला. शेवटचा सूर चढवणारा. तुझ्यासारखा.
मंडळाचे म्होरके भागवतअण्णा म्हणाले, "घुमतंय बे ते. रिकामं गोदाम हाय."

गुरुवार, शु. ८
भिंतींना बारदानं टांगली. घुमणं बंद झालं. आवाज आहे.
तुझ्या आईनंही ऐकला. बायकांतून उठून तडक घरी. "माजा माणिक हितं कावून गातोय? त्यो तिकडं पायजे." माझ्या मनात तेच होतं. बोललो नव्हतो.

रविवार, एकादशी
यावा वाटतं. येऊ नये वाटतं. रेडिओवर पडलेल्यांची नावं सांगत नाहीत. आज कडव्याच्या मधेच मागं खोकला. धुळीनं तुला येतो तसा. शेवटच्या टाळकऱ्यानं मागं न बघता सरकून जागा केली.

सोमवार, शु. १२
काला झाला. वीणा उतरवायची वेळ. अण्णांनी हात पुढं केले. मी देईना.
"तात्या, येडा झाला का बे? आण हिकडं."
"मागं गातोय तवर न्हाई."
"कोन गातंय? समदे गप हायेत."
खरंच सगळे गप्प होते. धृपद चालू होतं. एकट्याचं. अण्णांचे हात आपोआप खाली आले. मग कुणी चपला शोधत बसलं नाही, सगळे तसेच बाहेर पळाले.

मी उभाच आहे. एका हातानं तार, दुसऱ्यानं हे लिहिणं, वही धान्याच्या काट्यावर. मागं वळायचं धाडस होत नाही. माणिक, आवाज नको रे पाठवू. तुझ्या हातच्या दोन ओळी धाड. शाई पाण्यानं पसरली असली तरी चालेल. लवकर धाड.