डागाची अंडी

भोपर, डोंबिवली
५ फेब्रुवारी २०२४

ती. मालूवन्संस,
शीलाचा सा. न. वि. वि.

हे पहाटे पाचला खुराडं उघडायचे. मी अंगण झाडून, पाणी भरून चहा टाकेपर्यंत मागच्या खोलीत दार लावून यांचं अंडी मोजणं चालायचं. आठ कोंबड्यांची पाच-सहा अंडी, त्यांना किती वेळ लागावा? चहा निवायचा. मी म्हणायचे, मोजताय की उबवताय. मग टोपली माझ्या हातात द्यायचे आणि स्वतःची अंड्याची पोळी स्वतःच करायचे. मला तिखट जमत नाही म्हणे. दोन दिवस झाले, हीच सकाळ सारखी आठवते आहे.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. हे जाऊन सात महिने झाले. कोंबड्या त्याच, कोंबडा तोच, दाणापाणीही तेच. पण हे गेल्यापासून अधूनमधून अंड्यांत लाल डाग निघतात. इतक्या वर्षांत मी एकदाही पाहिला नव्हता. घोडबंदरला ऐश्वर्याने नातीसाठी, आपल्या प्राप्तीसाठी, मी पाठवलेलं अंडं फोडलं, तर आत मसुराएवढा ठिपका. सूनबाई घाबरली. आत पिल्लू धरत होतं म्हणाली आणि उरलेली अंडी परत पाठवली. विनीत म्हणतो, बाबा गेल्यापासून कोंबड्या बिघडल्या, रोग असेल. अठरा तारखेला रविवारी येऊन कुणाला तरी देऊन टाकतो, आणि तूही आमच्याकडे चल. शेजारीण म्हणाली, घरातलं माणूस गेलं की असं होतं.

मी वाचनालयातून कोंबडीपालनाचं पुस्तक आणलं. त्यात आहे की बलक सुटताना कोंबडीच्या पोटात बारीक शीर फुटली तर रक्ताचा ठिपका राहतो. तपकिरी कण असला तर तो आतल्या नळीतला मांसाचा. कोंबडी वयस्क झाली, घाबरली, हिरवा पाला कमी पडला किंवा वाणच तसा असला तरी होतं. कोंबड्याचा संबंध नाही, खायला हरकत नाही. बाजारातली अंडी उजेडावर धरून निवडलेली असतात, म्हणून त्यांत डाग सहसा दिसत नाहीत. हे सगळं पटलं. पण मग आपल्याकडे आधी का नव्हतं? कोंबड्यांना यांची आठवण येते असं वाटायला लागलंय, आणि असं वाटणं मला आवडत नाही.

विनीतला काय सांगू? त्या गेल्या तर सकाळी उठून मी उघडू काय?

तुमची माया अशीच असू द्या.
शीला


दिवा
९ फेब्रुवारी

चि. शीलास,
मालूचे अनेक आशीर्वाद.

आज चार दिवसांनी पाणी आलं. हंडे भरून झाल्यावर लिहायला बसले. तुझं पत्र वाचून आधी हसले, मग डोळे पुसले. एवढी पुस्तकं वाचतेस, उत्तर स्वतःच लिहितेस आणि विचारतेस मला.

कोंबड्यांना काही झालेलं नाही. डाग आधीही निघायचेच. सहदेव दार लावून अंडी मोजत नव्हता गं, अंधारात बॅटरीवर धरून बघत होता. आमची आई चिमणीच्या उजेडावर धरायची, तिचं बघूनच तो शिकला. डागाचं निघालं की ते त्याच्या पोळीत. तिखटाचं नुसतं निमित्त.

तू घाटावरची, माहेरी कोंबडी पाळलेली नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी तुझ्या हातून डागाचं अंडं फुटलं, तर आपण जीव मारला म्हणून दोन दिवस जेवली नव्हतीस. तेव्हापासून त्याने हे सुरू केलं. मला शपथ घातली होती. आता तोच नाही, तर शपथ कुणासाठी पाळू?

सूनबाईवर रागावू नकोस. तीही तुझ्यासारखीच निघाली, एवढंच. पुढच्या पत्रात मला कमी रडव.

तुझी,
मालूवन्सं


भोपर
२० फेब्रुवारी

ती. मालूवन्संस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. ते दोन दिवस मी विसरून गेले होते. यांनी एकतीस वर्षं लक्षात ठेवले. बॅटरी मागच्या फळीवरच होती. लाइट गेल्यावर लागते म्हणून ठेवलीय, असं मी समजत होते.

रविवारी विनीत जाळीची मोठी टोपली घेऊनच आला. मी त्याला मागच्या खोलीत नेलं, दार लावलं, हातात बॅटरी दिली आणि सहा अंडी पुढे ठेवली. चौथ्यात ठिपका दिसला. मग मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते अंडं त्याने पुन्हा एकदा उजेडावर धरलं. म्हणाला, लहानपणी बाबांची पोळी एकदा चोरून खाल्ली होती, तिखट अजिबात नव्हती.

टोपली रिकामीच परत गेली. संध्याकाळी ऐश्वर्याचा फोन आला. आई, निवडून पाठवा, आणि चुकून एखादं डागाचं आलंच तर यापुढे टाकणार नाही, म्हणाली. घोडबंदरला राहायला जायचा विषय पुन्हा निघेल, तेव्हा बघू. सध्या कोंबड्यांना पालकाची देठं जास्त घालते आहे.

तब्येतीला जपा. रागवायचं असेल तर पत्रातूनच रागवा, म्हणजे पत्र तरी येईल.
शीला

ता. क. दुसऱ्या दिवशीचं लिहायचं राहिलं. सोमवारी पाचला उठून खुराडं उघडलं, दार लावून पाच अंडी बॅटरीवर धरली. एकात डाग होता. त्याची पोळी केली आणि चहा निवायच्या आत खाल्ली.