ढगाखालचा उतार

३ ऑक्टोबर

आज कचेरीत एक बाई आली. मुलगी परवा राखीव जंगलातल्या डोंगरावर एकटीच गेली, परतली नाही. बरोबर आमचाच नकाशा होता. साहेबांनी बाईला माझ्या टेबलाशी बसवलं. म्हणाले, हा डोंगर यांनीच काढलाय.

काढलाय खरा. पाय कधी ठेवला नाही.

तिला उंचीच्या रेघा वाचायला शिकवल्या. दाटीवाटीनं असल्या तर चढ उभा, लांबलांब असल्या तर सोपा. बाई हुशार. तासाभरात डोंगराच्या पश्चिमेला उतरणाऱ्या सोंडेवर बोट ठेवून म्हणाली, "ही वाट सोपी दिसते, ताई. ती इथूनच उतरली असणार."

ती सोंड मी कशी काढली होती, ते आठवलं.

४ ऑक्टोबर

जुनी फाइल काढली. आपली आठवण खोटी ठरू दे, एवढंच मनात. ठरली नाही. सतरा वर्षांपूर्वी विमानातून काढलेला फोटो — पश्चिमेच्या सोंडेवर नेमका ढग. खालचं काही दिसत नाही. साहेबांना घाई होती, मलाही. ढगाच्या एका बाजूच्या रेघा दुसऱ्या बाजूच्या रेघांना अंदाजानं जोडून टाकल्या, छान सारख्या अंतरावर. न पाहिलेल्या जागी तुटक रेघ काढायचा नियम. मी सलग काढली!

५ ऑक्टोबर

बोलले नाही.

६ ऑक्टोबर

शोधपथकाचे प्रमुख येऊन गेले. सोंडेवर झाडी दाट आहे, पण नकाशात उतार सोपा. तिथं असती तर चालत खाली आली असती, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सगळी माणसं पूर्वेच्या ओढ्यात लावलीत. मी मान डोलावली. मान डोलावली मी!

नंतर साहेबांना सगळं सांगितलं. "आता गप्प बसा," म्हणाले. "पेन्शनला चार वर्षं राहिलीत तुमच्या."

दुपारी बाईनं डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. तुम्हीही जेवला नाहीत, म्हणाली. मुलीचं सांगत बसली — कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवली तरी वळसा घालून जायची, सरळ रस्ता म्हणून ठाऊक नाही. सांगताना हसली. मी डबा तिच्याकडे परत सरकवला.

७ ऑक्टोबर

सांगितलं. सकाळी, ती खुर्चीत बसायच्या आत. म्हटलं, हा भाग मी पाहिलेलाच नाही, ढग होता. रेघा माझ्या मनच्या आहेत.

वाटलं, थोबाडीत देईल. तिनं नकाशा पुढ्यात ओढून घेतला.

"म्हणजे तिथं कडा असू शकतो?"

"हो."

"मग उठा. त्यांना सांगू या."

रस्ताभर तिनं माझा हात धरून ठेवला होता. कशाला, कळलं नाही. प्रमुखांनी ऐकून घेतलं आणि माणसं सोंडेकडे वळवली.

८ ऑक्टोबर

सापडली. सोंडेवर, कड्याच्या पायथ्याशी. नुसता पाय मोडला होता. डॉक्टर म्हणाले, काल पहाटेपर्यंत जिवंत होती.