हॉर्नचा रिले

शुक्रवार, संध्याकाळ

मृणालने चावी फिरवली आणि मागच्या सीटखालून पंपाची गुणगुण ऐकू आली, तिथेच सगळं बदललं.

आठवडाभर अबोला होता. तिच्या बाबांनी मला ‘अर्धे इंजिनिअर’ म्हटलं आणि मी तिच्यावरच डाफरलो. कॉलेज मी सोडलं, तिने नाही. वर म्हणालो, तुमच्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही. पण आज खराडीत ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी सुरू होईना, तेव्हा तिने फोन मलाच केला.

स्टार्टर फिरत होता, पण इंजिनला पेट्रोल पोचवणारा पंप गप्प. मी सीटला कान लावला, ती चावी फिरवत राहिली.

“आला आवाज?”

“नाही.”

“आता?”

“नाही गं!” ओरडलोच. ती हसली. हसली!

फ्यूज ठीक होता. मग हॉर्नचा रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारी छोटी डबी, काढून पंपाच्या बिघडलेल्या रिलेच्या जागी बसवला, दोन्ही सारखेच असतात. लगेच ती गुणगुण. अजून कानात आहे.

“आता हॉर्न वाजणार नाही,” मी म्हणालो.

“मग खिडकीतून तुझ्यासारखी ओरडत जाऊ का?”

गेली. घरी येताना मी नवा रिले घेतला. पण तो बसवायचा तर मांजरी गावात, तिच्या घरी जायला हवं. उद्या पुन्हा ती हॉर्नशिवाय नगर रोडला निघणार, ते मला सहन होणार नाही. दार तिचे बाबाच उघडतील. ओळखत असूनही विचारतील, “आपण कोण?” सांगेन, रिले बसवायला आलोय. चिडणार नाही. बहुतेक.

विचार करत बसलो तर जाणं होणार नाही. निघालो, दार ओढून घेतो.