बाबांच्या पुस्तकातली चित्रं

प्रिय अंकुश,

पुण्याच्या फ्लॅटचे फोटो ग्रुपवर पाहिले. हॉल छान सजवला आहेस. सोफ्यामागे फ्रेमांची ओळ, त्यात जुन्या काळची चित्रं: नदीवरचा घाट, हत्ती, शिडाच्या होड्या. खाली तुझ्या मित्रांनी विचारलंय, एवढी दुर्मीळ चीज कुठून मिळवलीस? तू नुसते हात जोडलेस. इतका नम्र कधी झालास रे?

मोहाडीला आम्ही ठीक आहोत. धानाची रोवणी आटोपली, बाजार पुन्हा भरू लागलाय. बाबांची नजर तर पार गेलीच आहे. शुगरने दुसरा डोळाही नेला. तरी सकाळचा चहा झाला की कपाटातलं पुस्तक मागतात. कोणतं, ते तुला सांगायला नको.

जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये असताना सुट्टी असली की ते नागपूरच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं उपसायला जायचे. कुण्या गोऱ्या साहेबाने दीड-दोनशे वर्षांपूर्वी केलेल्या प्रवासाची पुस्तकं, त्यातली चित्रं आधी काळ्या शाईत छापून मग एकेक हाताने रंगवलेली. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षीचा बोनस या एका पुस्तकात गेला आणि आई किती तरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. बाबा स्वतः रायपूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत. पण भिंगातून बघताना रंग रेषेबाहेर गेलेला दिसला की आपल्याला हाक मारायचे. इथे माणसाचा हात हलला, म्हणायचे. पान उलटायचा मान तुझाच असायचा, तू लाडका ना.

मे महिन्यात येऊन गेलास आणि तू गेल्यावर मी ते पुस्तक उघडलं. ब्लेड फार सफाईने चालवलंस. फोन केला तर म्हणालास, कपाटात वाळवीनेच खाल्लं असतं, आणि बाबांना आता दिसतं कुठे. तेव्हापासून रोज सकाळी मी ते रिकामं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवते आणि आठवणीतून चित्रं सांगते. या हत्तीची झूल लाल, त्या बाईचं लुगडं निळं. बाबा मान डोलवायचे. मला वाटायचं, निभलं. तुझ्यापायी मी आंधळ्या बापाशी रोज खोटं बोलले, हा राग माझ्या मनातून जायचा नाही.

परवा मी घाटाचं चित्र सांगत होते. बाबांनी पुस्तकाच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि कापलेल्या कडेवर थांबवलं.

"पयल्याच दिवशी समजलं होतं मले. पुस्तक हलकं लागलं," ते म्हणाले. "तू एवढं सांगून राहिली होती, म्हनून आयकत होतो."

मी रडले. ते नाही रडले.

तुला काही कळवायचं माझ्या मनात नव्हतं. पण काल चहा पिता पिता त्यांनीच विषय काढला. "अंकुशले लिहून टाक, चित्रं उन्हात नोको टांगू म्हना. हातचे रंग हायेत, उडून जातीन." ना शिवी, ना सवाल. फोनवर तू विषय बदलशील, म्हणून लिहितेय. त्यांचा निरोप पोचवला. माझं विचारशील तर तुझ्या त्या भिंतीवर रोज दुपारभर ऊन पडो.

तुझीच,
तृप्तीताई