बाबांच्या मृत्यूची तारीख

६ फेब्रुवारी २००५, खनिफ्रा, मोरोक्को

नाव घ्यायचं नाही म्हणे! राजाने नेमलेल्या आयोगापुढे, आधीच्या राजाच्या काळात सोसलेलं सगळं सांगायचं, पण कुणी केलं ते नाही. टीव्हीवर सुनावणी चालू होती. आई वाटाणे सोलत म्हणाली, "म्हणजे चावलं म्हणायचं, साप म्हणायचं नाही." हद्दूकाका हसले. मला हसू आलं नाही.

आईला शिक्षा-बिक्षा कुणालाच नको. त्र्याहत्तर साली सरकारी माणसांनी बाबांना घरातून उचलून नेलं — पुढे काय झालं, एवढंच तिला हवंय.

१९ एप्रिल

आयोगाच्या कचेरीत एकटीच गेले. आईच म्हणाली, "तू शिकलेली. तू ऐकून ये."

तिथल्या बाई भल्या होत्या. आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तुमचे वडील गुप्त तुरुंगात वारले. ऑगस्ट एक्याऐंशी."

"त्र्याहत्तर ना?"

"नाही गं पोरी. एक्याऐंशी."

चार वर्षं काही खबर नाही म्हणून काझींनी बाबांना मृत ठरवलं ते सत्त्याहत्तरला. अठ्ठ्याहत्तरला आईने हद्दूकाकांशी लग्न केलं. दारात ढोल वाजत होते तेव्हा बाबा जिवंत होते! बसमध्ये तोंडाला रुमाल लावून रडले.

सत्य कळलं की मन हलकं होतं, असं टीव्हीवरचे साहेब सांगतात. त्यांनी आमच्या घरी येऊन राहावं.

२० एप्रिल

आईशी खोटं बोलले. "नेलं त्याच वर्षी गेले," म्हटलं. "हाल झाले?" "नाही." आई कणीक मळत राहिली.

२ मे

राहवेना. काकांना सांगितलं. मला खांद्यावर बसवून शाळेत नेणारा हा माणूस — त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "आम्ही त्याच्या पाठीमागे संसार मांडला, पोरी." आणि मग, "तिला सांग. नाहीतर मी सांगतो. खोट्यावर मला झोप नाही यायची."

३ मे

सांगितलं. आई रडली नाही. बोटांवर वर्षं मोजली.

"तीन वर्षं मी दोघांची होते," म्हणाली. जेवली नाही.

५ मे

आईने आज पांढरं नेसलं. विधवेने पाळायचे चार महिने दहा दिवस पाळणार म्हणते — नवरा घरात असताना! कापड काकांनीच बाजारातून आणलं. आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. आता दारात उभे आहेत, येणाऱ्या प्रत्येकाला सांगतायत, "या. आमच्या घरात मयत झालीय."